वीस डॉलरची निळी फ्रेम: बनवली कुणी असेल?

उताराला_लागलेला | रविवार, सकाळी ९:४०

मंडळी, सायकलींमधल्या जाणत्यांनी जरा इकडे लक्ष घाला.

काल आमच्या गल्लीत (सनीवेल, कॅलिफोर्निया) एका घरी गॅरेज सेल होता. बायको काचेच्या बरण्या निवडत होती आणि मी नेहमीसारखा पिशवी धरून उभा. तेवढ्यात गवत कापायच्या यंत्रामागे एक सायकल दिसली. दारांना लावतात तसला निळा ऑइलपेंट, तोही ब्रशने फासलेला, ओघळ जागच्या जागी सुकलेले. खालच्या तिरप्या नळीवर ‘रिची’ असं स्टिकर, तेही वाकडं. घरमालक आता वृद्धाश्रमात असतात, विकायला त्यांचा मुलगा बसला होता. म्हणाला, वीस डॉलर द्या आणि न्या.

खरं सांगतो, ‘कोपऱ्यावरून दूध आणायला होईल’ यापलीकडे माझा काही विचार नव्हता. पण गाडीत टाकायला उचलली आणि दचकलो. दिसायला बैलगाडी, हाताला मात्र वजनच लागेना. घरी येऊन चाकं, हँडल, क्रँक सगळं उतरवलं आणि नुसती फ्रेम स्वयंपाकघरातल्या काट्यावर कशीबशी तोलली. २ किलो १०० ग्रॅमच्या आसपास भरली. (त्या काट्यावर यापुढे रवा मोजला जाणार नाही, असं घरातून जाहीर झालंय.)

चाकं २६ इंची. चिमटा काळा आहे, त्याला निळा रंग लागलेला नाही, म्हणजे तो नंतर बदलला असावा. क्रँक (पायडलचे दांडे) शिमानो डिओर एक्सटी, हँडल धरणारा स्टेम साल्साचा. सांध्यांवर आपल्या जुन्या ॲटलसला असायचे तसे लग (नळ्या ज्यात बसवतात ती खोबणी) नाहीत, नळी थेट नळीला जोडलीय. बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा आस बसतो ते नळकांडं) खाली नंबर असावा, पण रंगात बुजलाय. आणि सीटखाली मागच्या दोन नळ्या जिथे जवळ येतात तिथे ब्रेकची केबल अडवायला एक गाठोडं आहे. रंगाचे थर बसून बसून पावट्याच्या शेंगेसारखं फुगलंय.

तर ही खरंच टॉम रिचीची आहे का? आणि पेंट रिमूव्हर कुठला चांगला?

गंजका_गियर | रविवार, सकाळी १०:१५

आधी ती पेंट रिमूव्हरची बाटली खाली ठेवा. मी थांबतो.

ठेवली? आता ऐका. निळ्याच्या खाली मूळ रंग असू शकतो, आणि अशा फ्रेमवर मूळ रंग हा अर्धा दाखला असतो. रिमूव्हर निळा आणि मूळ यांत फरक करत नाही. सकाळी लावाल, संध्याकाळी हातात नुसतं उघडं लोखंड, आणि मग आम्हीही काही सांगू शकणार नाही.

दुसरं म्हणजे स्टिकर. जुन्या कंपन्यांचे स्टिकर आज नव्याने छापून मिळतात, दहा मिनिटांत कुठलीही सायकल रिची होते. तुमचं तर ऑइलपेंटच्या वर चिकटवलेलं आहे, म्हणजे रंग फासल्यानंतर कुणीतरी हौसेने लावलंय. ते मनातून काढून टाका. स्टेम साल्साचा आहे म्हणून फ्रेम साल्साची ठरत नाही, तेही आत्ताच सांगतो. पेटालुमाच्या रॉस शाफरने १९८२ मध्ये साल्सा काढली, पण त्याचे स्टेम त्या काळी सगळ्यांच्याच सायकलींवर असायचे. स्टेम, क्रँक, ब्रेक ही सगळी भाडेकरू मंडळी. घर कुणाचं ते भिंतींवरून ओळखायचं.

रिचीबद्दल थोडं, कारण नाव निघालंच आहे. गॅरी फिशरच्या सांगण्यावरून रिचीने १९७९ मध्ये माउंटन बाइकच्या आपल्या पहिल्या फ्रेम बांधल्या आणि फिशर आणि चार्ली केली यांनी त्या विकायला ‘माउंटनबाइक्स’ नावाची कंपनी काढली. रिचीच्या हातच्या जुन्या फ्रेमचे सांधे पितळ भरून घोटलेले असतात, एका नळीतून दुसरी उगवल्यासारखे. जुन्या मॉडेलांची नावं पण बघा: एव्हरेस्ट, अन्नपूर्णा. तुमच्या सांध्यांचा जवळून फोटो टाका, एका नजरेत कळेल.

शिवाय हे मोजून सांगा. मागचं चाक काढल्यावर त्याचा आस जिथे बसतो त्या दोन पात्यांमधलं अंतर, आतल्या बाजूने, मिलिमीटरमध्ये. मागच्या ब्रेकच्या खुंट्या कुठे आहेत, सीटकडे जाणाऱ्या नळ्यांवर की खालच्या, क्रँककडे येणाऱ्या नळ्यांवर. चिमट्याची नळी हेडमध्ये, म्हणजे हँडलखालच्या आखूड नळीत, शिरते तिचा व्यास. आणि क्रँकच्या मागल्या बाजूला दोन बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली असतील, ती.

हवा_कमी | रविवार, दुपारी १२:३०

बाकी सगळं ठीक, पण वीस डॉलरच्या भंगारासाठी एवढी पंचाईत? आमच्या रेंजर सायकलने पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी सगळं केलं. तिचे सांधे कुणी घोटले होते हे विचारायला आम्ही काही कारखान्यात गेलो नव्हतो.

बोस्टनचा_बंडू | रविवार, दुपारी १:०५

@हवा_कमी, रेंजरला नमस्कार, मीही त्यातूनच आलोय. पण फरक सांगतो.

मी शिकायला इथे आलो तेव्हा प्रयोगशाळेतला एक जण देशात निघाला होता. त्याने जाताना मला त्याची फॅट चान्स सायकल दिली. मला वाटलं, असेल काहीतरी. वर्षभर पावसात बाहेर उभी केली, आज आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. नंतर कळलं की ही सायकल माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर बनली होती. बोस्टनजवळच्या सॉमरव्हिलमध्ये क्रिस चान्सने १९८२ मध्ये फॅट सिटी सायकल्स काढली. मूठभर माणसं, एक वर्कशॉप. १९९४ मध्ये ती विकली गेली आणि काम न्यूयॉर्क राज्यात हललं. जे कामगार गेले नाहीत त्यांतल्या काहींनी १९९५ मध्ये इथेच स्वतःची इंडिपेंडंट फॅब्रिकेशन सुरू केली. म्हणजे माझ्या फ्रेमचे सांधे ज्या माणसांच्या हातचे, ती माणसं माझ्या बसच्या रस्त्यावर कामाला जात होती. रेंजरबद्दल हे कुणी सांगू शकेल का?

धागाकर्त्याची फ्रेम फॅट नसावी. मूळ चिमटा असता तर लगेच सांगितलं असतं. त्यांच्या यो एडी मॉडेलचा चिमटा लांबूनच ओळखू येतो, दोन सरळ जाड नळ्या आणि वर आडवा जाड तुकडा, कुठे बाक म्हणून नाही.

झाळकर | रविवार, दुपारी ३:५०

सायकलीचा माझा अभ्यास नाही. टूलरूममध्ये ३२ वर्षं काढली, जोडकाम कळतं. तेवढंच बोलतो.

पितळ भरून केलेला सांधा आणि वेल्डिंग यांत मूळ फरक असा की पितळेच्या कामात लोखंड वितळवायचं नसतं. नळ्यांची तोंडं एकमेकींवर घट्ट बसतील अशी कानशीने कापायची, टाकणखार लावायचा, बत्तीने सांधा लाल करायचा आणि सळईचं पितळ आत ओढून घेऊ द्यायचं. पितळ ९०० अंशांच्या आसपास वाहायला लागतं, पोलाद त्याच्या कितीतरी वर. लाल रंग बघून हात आवरायचा. जास्त तापवलं की पातळ नळी मऊ पडली. आणि नंतर तासन् तास कानस आणि पॉलिश पेपर, कोपरा मडक्याच्या मानेसारखा गोल होईपर्यंत. तिथे फसवाफसवी चालत नाही, फट राहिली तर पितळ खाली बसतं आणि दिसतं.

या सायकलींच्या नळ्या क्रोमोलीच्या, म्हणजे ४१३० जातीच्या पोलादाच्या असतात ना? क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि साधारण ०.३ टक्का कार्बन. बंडू म्हणतात त्या फ्रेमच्या नळ्यांची जाडी किती असते?

बोस्टनचा_बंडू | रविवार, दुपारी ४:२०

काका, टोकांना ०.९ आणि मध्ये ०.६ मिलिमीटर अशा नळ्या सर्रास वापरायचे. बाहेरून एकसारखी दिसते, आतून मध्ये पातळ.

झाळकर | रविवार, दुपारी ४:३५

०.६ वर जोडकाम करणाऱ्याला माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे पोरं दोन मिलिमीटरला भोकं पाडत.

उताराला_लागलेला | रविवार, रात्री १०:१०

मोजमापं घेतली. मागचं अंतर १३५. खुंट्या सीटकडे जाणाऱ्या नळ्यांवर. चिमट्याची नळी एक इंचाहून थोडी जाड, स्टेमवर १⅛ लिहिलंय. क्रँकच्या मागे ‘ओ’ आणि ‘सी’ अशी दोन अक्षरं.

सांध्याचे फोटो जोडतोय. गोल घोटलेलं काही दिसत नाही, रंगाखाली बारीक बारीक लाटा जाणवतात. मुलीने बघून विचारलं, बाबा, सायकलला करंजीसारखी मुरड कुणी घातली?

गंजका_गियर | रविवार, रात्री ११:००

मुलीला इथे सभासद करून घ्या.

मुरड दिसतेय म्हणजे टिग वेल्डिंग, विजेच्या ठिणगीने नळ्यांच्या कडाच वितळवून जोडणं. जुन्या रिचीचा विषय इथे संपला.

आता वय. शिमानोच्या कोडमधलं पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ए म्हणजे १९७६, तिथून मोजत या, ओ म्हणजे १९९०. सी म्हणजे मार्च. अर्थात हे क्रँकचं वय झालं, फ्रेमचं नव्हे, पण बाकीचे पुरावे त्याच बाजूने बोलतायत. सुरुवातीच्या माउंटन बाइकचं मागचं अंतर रोड सायकलींसारखं अरुंद होतं, मग १३० आलं, १३५ रुळलं ते ऐंशीचं दशक सरताना. एक इंची हेडसेट जाऊन १⅛ आला तोही साधारण त्याच सुमाराला.

खुंट्या मी मुद्दाम विचारल्या. १९८६ ते ८८ च्या आसपास यू-ब्रेक नावाची साथ आली होती. मागचा ब्रेक खालच्या नळ्यांवर, क्रँकच्या मागे, जिथे सगळा चिखल येऊन बसतो नेमका तिथे. दोन-तीन वर्षांत लोक शहाणे झाले. यू-ब्रेकच्या खुंट्या असत्या तर मी डोळे मिटून ८७ म्हणालो असतो. तुमच्या वर आहेत, म्हणजे त्या साथीच्या आधीची तरी किंवा नंतरची तरी. १३५ बघता नंतरची. १९८९ ते ९२ धरून चालू.

झाळकर | सोमवार, सकाळी ७:१५

टिग म्हणजे मग कारखान्याचा माल. लाइनवरचं काम. हाताची कारागिरी पितळात. धागाकर्त्याने उगाच आशा लावून घेऊ नये.

बोस्टनचा_बंडू | सोमवार, संध्याकाळी ६:४०

काका, इथे मात्र तुमच्याशी भांडणार. माझी फॅट चान्स टिगची. यती कंपनीची एफआरओ टिगची. सँटा क्रूझचा कीथ बॉन्ट्रेगर टिग करायचा. यांतला एकही ‘लाइनवाला’ नव्हता. पितळाला कानस मारून चुका झाकता तरी येतात, टिगची मुरड पडली की पडली, तिच्यावर रंगच चढतो. दहा वर्षं रोज तेच काम करणाऱ्याची मुरड सहीसारखी असते.

मावळमाती | सोमवार, रात्री ९:२५

मध्येच घुसते. तुम्ही सगळे सांध्यांत अडकलात, पण हे सगळं मरिन काउंटीतल्या एका उतारावरून सुरू झालं ते कुणी सांगणार की नाही? गेल्या वर्षी भावाकडे गेले होते तेव्हा फेअरफॅक्सला जाऊन आले, म्हणून अंगात आलंय.

सत्तरच्या दशकात तिथली पोरं तीस-चाळीसच्या दशकातल्या जुन्या श्विन एक्सेलसियर, जाड टायरच्या, पेपर टाकणाऱ्या पोरांच्या सायकली, भंगारातून उचलून डोंगरावर न्यायची. त्यांना म्हणायचे क्लंकर. आपण खटारा म्हणतो तसंच. २१ ऑक्टोबर १९७६ ला पहिली शर्यत लागली, कोण आधी खाली पोचतो एवढाच वाद. सुमारे दोन मैलांत १,३०० फूट उतार! ब्रेक म्हणजे पायडल उलटं मारायचं. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस तापून धूर व्हायचं आणि दर वेळी नवीन ग्रीस भरावं लागायचं, म्हणून उताराचं नाव पडलं रिपॅक. गॅरी फिशरची वेळ ४ मिनिटं २२ सेकंद, ती कुणी मोडली नाही. जो ब्रीझची ४:२४.

याच जो ब्रीझने १९७७ मध्ये खटाऱ्याचा सांगाडा सोडून डोंगरासाठीच पहिल्यापासून नवी फ्रेम बांधली. ती पहिली ब्रीझर आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे. फेअरफॅक्सच्या म्युझियममध्ये जुने क्लंकर शेजारी शेजारी लावलेत. बघताना सारखं वाटत होतं, ही काही थोर यंत्रं नाहीत, आपल्या गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानात बसलेली हुशार पोरं आहेत.

@उताराला_लागलेला, तुमच्यापासून दीड-दोन तासांवर आहे. जाऊन या.

अवांतर: पावसाळ्यात मावळात जो कुणी लाल चिखलातून सायकल घालतो, त्याने यू-ब्रेकवाल्यांना शिव्या द्यायचा हक्क आपोआप कमावलेला असतो.

गंजका_गियर | सोमवार, रात्री १०:३०

सुंदर लिहिलंत. आता चाळणी लावू. फोटो मोठे करून बघितलेत.

बॉन्ट्रेगर नाही. तो हेडजवळ नळीखाली पत्र्याचे आधार जोडायचा, ते इथे नाहीत. यती एफआरओ नाही, तिची मागची नळी आसापाशी वळून तशीच वर जाते, बीएमएक्ससारखी. तुमच्याकडे पाती वेगळी जोडलेली आहेत. स्लिंगशॉट तर नाहीच, तिला खालची तिरपी नळीच नसते, तिच्या जागी पोलादी केबल ताणलेली असते (हो, खरंच). कनिंगहॅम नाही, कारण त्या ॲल्युमिनियमच्या आणि तुमच्या फ्रेमला चुंबक चिकटतंय असं गृहीत धरतो.

बोस्टनचा_बंडू | सोमवार, रात्री १०:४१

कनिंगहॅमच्या काही फ्रेम अर्ध्या ॲल्युमिनियम, अर्ध्या पोलादी होत्या ना? मागच्या नळ्या चेनच्या वरून नेलेल्या?

गंजका_गियर | सोमवार, रात्री १०:५८

ते दुसरे कनिंगहॅम. यात सगळेच घसरतात. फेअरफॅक्सचा चार्ली कनिंगहॅम, ॲल्युमिनियमच्या जाड नळ्या, रंग न देता सोडलेल्या, रोलरकॅम ब्रेक त्याचाच. स्टीव्ह पॉट्स आणि मार्क स्लेट यांच्याबरोबर त्याने १९८२ मध्ये विल्डरनेस ट्रेल बाइक्स काढली. जॅकी फेलन त्याच्याच सायकलीवर शर्यती जिंकायची. आणि मँटिसवाला रिचर्ड कनिंगहॅम वेगळा, ॲल्युमिनियम-पोलाद सांगड त्याची, उंच उचललेल्या मागच्या नळ्याही त्याच्याच. आडनावापलीकडे दोघांचा संबंध नाही.

उरतात बरेच. त्या वर्षांत कॅलिफोर्नियात एकट्या-दुकट्याने फ्रेम बांधणारे कमी नव्हते, आणि ऑरेगनमध्ये ॲशलंडला फ्रेम बांधणं शिकवणारी शाळाही होती. एखाद्या हौशी माणसाने तिथे शिकून आयुष्यात बांधलेली एकुलती एक फ्रेम असू शकते. तसं निघालं तर नाव कधीच कळणार नाही, आणि माझ्या लेखी तीही वाईट गोष्ट नाही.

झाळकर | मंगळवार, सकाळी ६:५०

रात्री फोटो पुन्हा बघितले. एक काम करा. बीबी काढलेली आहे ना? मग त्या गोल तुकड्याच्या आत टॉर्च मारा. नळ्यांची तोंडं आतून कशी कापलीत ते दिसेल. लाइनवर काम असेल तर फट असते आणि वेल्डने बुजवलेली असते. हाताने बसवलेली असेल तर नखाएवढीही जागा नसते. नळ्यांत शिरायला हवेची भोकं असतील, त्यांच्या कडा साफ केल्यात की तशाच सोडल्यात तेही बघा. जे कुणाला दिसणार नाही तिथे माणूस कसा वागतो यावरून कारागीर ओळखावा.

उताराला_लागलेला | मंगळवार, रात्री ८:१५

काका, बघितलं. फोटो नीट आला नाही, पण बोट फिरवून सांगतो: फट नाही. भोकांच्या कडा गुळगुळीत.

झाळकर | मंगळवार, रात्री ८:३०

मग कालचे शब्द मागे घेतो. बंडूशेठ, तुम्ही बरोबर. मुरडही परत पाहिली, एकाच दमात चौथाई फेरी घेऊन थांबलाय, आणि थांबल्याची जागा शोधावी लागते. हा माणूस घाईत नव्हता.

हवा_कमी | मंगळवार, रात्री ८:५२

काकांनी शब्द मागे घेतले! वाचनखूण साठवली.

मावळमाती | मंगळवार, रात्री ९:१०

एक बाळबोध प्रश्न. ते पावट्याच्या शेंगेचं काय झालं? पहिल्या पोस्टपासून माझं लक्ष तिथेच आहे. केबल अडवायला कुणीही साधी नळकांडी लावील. एवढं गाठोडं कशाला?

गंजका_गियर | मंगळवार, रात्री ९:३१

मावळमाती, मी स्वतःला जाणता म्हणवतो आणि हे विचारायचं सुचलं नाही.

@उताराला_लागलेला, तेवढ्याच भागावरचा रंग काढा. रिमूव्हर नको. हेअर ड्रायरने कोमट करा आणि लाकडी टूथपिकने किंवा नखाने. ऑइलपेंट जुना असेल तर पापुद्रे निघतील. धातूचं काही वापरू नका.

उताराला_लागलेला | बुधवार, रात्री १२:४७

अंगठा आहे.

म्हणजे खरंच अंगठा. हाताचा. आधी मला वाटलं धातू ओबडधोबड आहे, मग एक रेघ निघाली, तिच्या शेजारी दुसरी. बोटं आहेत हो. एवढासा हात, ओतीव, ब्रेकची केबल धरायला. ड्रायर घेऊन गॅरेजमध्ये एकटाच हसत उभा आहे. फोटो टाकतोय.

गंजका_गियर | बुधवार, रात्री १२:५३

आयबिस!!!

आयबिस, आयबिस, आयबिस. स्कॉट निकोलची. तो हात दुसऱ्या कुणाचा नाही. त्या सुट्या भागाला कंपनीने दिलेलं नावही आहे, पण ते इथे लिहिलं तर अ‍ॅडमिन माझं खातं उडवतील. ज्याला इंग्रजी चावटपणा कळतो त्याला हात या शब्दापुढे काय येईल ते सुचेलच.

बोस्टनचा_बंडू | बुधवार, सकाळी ७:०५

सुचलं. चहा नाकातून आला.

गंजका_गियर | बुधवार, सकाळी ८:२०

रात्री झोप नाही, म्हणून आता सविस्तर.

निकोलने १९८१ मध्ये आयबिस सुरू केली. सोनोमा काउंटीत, मरिनच्या उत्तरेला, सेबास्टोपोलला, सफरचंदांच्या बागांच्या मुलखात. माणूस पहिल्यापासून गंमतीखोर. त्यांच्या नळ्यांचं नाव होतं मोरॉन, इंग्रजीत मठ्ठ. अर्थ विचारला तर म्हणायचे, नळीच्या टोकांना पोलाद ‘मोर ऑन’, म्हणजे जास्त. तुमची टिगची आहे आणि वर्ष ९० च्या आसपासचं, म्हणजे मोजो असायची दाट शक्यता. मोजो ही त्यांची शान असलेली पोलादी फ्रेम होती. (२००५ मध्ये कंपनी नव्याने उभी राहिली तेव्हा कार्बनच्या फ्रेमलाही मोजोच नाव दिलं. नेटवर शोधताना ती समोर येईल, तिचा आणि हिचा नावापुरताच संबंध.)

गंमत अशी की आपण अंतरं मोजली, कोड वाचले, दहा नावं गाळली, आणि ज्याने फ्रेम बांधली त्याने पहिल्याच दिवशी हात वर केलेला होता. मी दिसत असून बघितला नाही.

बीबीखालचा नंबर त्याच पद्धतीने मोकळा करा.

हवा_कमी | बुधवार, सकाळी ९:००

आयबिस म्हणजे पक्षी ना? आपल्याकडचा शराटी? आमच्या उजनीकडे त्यालाच कुदळ्या म्हणतात, चोच कुदळीसारखी म्हणून.

मावळमाती | बुधवार, सकाळी ९:०४

ठरलं. सायकलचं नाव कुदळ्या.

बोस्टनचा_बंडू | बुधवार, सकाळी ९:३०

+१. आणि @हवा_कमी, तुम्ही अजून या धाग्यावर आहात हे नोंदवून ठेवतो.

हवा_कमी | बुधवार, सकाळी ९:३८

रेंजर माळ्यावर आहे. तिच्या बीबीखाली काय लिहिलंय ते बघायला शिडी लावलीय. जास्त बोलू नका.

उताराला_लागलेला | शनिवार, संध्याकाळी ७:२०

दोन दिवस गायब होतो, कारण मनाला एक गोष्ट टोचत होती. ती वस्तू मी वीस डॉलरला आणलीय, आणि देणाऱ्याला ती काय आहे हे माहीत नव्हतं. बायको म्हणाली, जा आणि सांगून ये, नाहीतर रोज चहाबरोबर हेच ऐकावं लागेल.

आज सकाळी गेलो. मुलाला हाताचा फोटो दाखवला, सगळं सांगितलं, परत देऊ का म्हणून विचारलं. तो हसायला लागला. म्हणाला, थांबा, बाबांनाच विचारू. फोन लावला, स्पीकरवर टाकला. म्हातारबाबांना ऐकायला कमी येतं, पण ‘ब्लू बायसिकल’ म्हटल्याबरोबर आवाज चढला. मूळ रंग कुठला ते मी विचारलं. म्हणाले, फार सुंदर होता, म्हणूनच तर बुजवला. रोज स्टेशनवर लावून ट्रेनने कामाला जायचो, आधीच्या दोन चोरीला गेल्या होत्या. ही नवीन घेतली आणि दुसऱ्याच रविवारी गॅरेजच्या दाराचा उरलेला रंग फासला. चोरांनी पुन्हा कधी बघितलं नाही तिच्याकडे. स्टिकर कुणी लावला विचारलं, तर म्हणाले, नातवाने, कुठल्यातरी मासिकाबरोबर आला होता.

मी वळून बघितलं. गॅरेजचं दार अजून त्याच निळ्या रंगाचं आहे. ओघळसुद्धा तसेच.

पैसे घ्यायला नाही म्हणाले. फक्त म्हणाले, चालवा, लटकवून ठेवू नका.

तर निळा रंग राहणार. हातावरचा तेवढा काढलाय, आणि नंबर दिसण्यापुरता बीबीखालचा. स्टिकरही राहू देतो, नातवाचा आहे. पुढच्या रविवारी फेअरफॅक्सला म्युझियम बघायला जातोय, कुदळ्या गाडीच्या मागे बांधून. सीटची दांडी तेवढी अडकलीय, तीस वर्षांत कुणी हलवलेली दिसत नाही. काय करू?

झाळकर | शनिवार, संध्याकाळी ७:५५

दांडी ॲल्युमिनियमची आहे का? असेल तर तापवू नका, ॲल्युमिनियम जास्त फुगतं, आणखी आवळेल. उलट दांडीवर बर्फ ठेवा, सांध्यात भेदक तेल सोडा, रात्रभर राहू द्या. फ्रेम उलटी टांगून बीबीकडूनही तेल सोडा. मग दांडी पिळा, ओढू नका. पान्याने फ्रेम धरू नका, नळ्या पातळ आहेत, चेपतील. आणि तेल सोडायच्या आधी आत पाणी साचलंय का बघा, तेवढी वर्षं ती स्टेशनवर पावसात उभी होती. छर्रे नवीन टाका, जुने कितीही चांगले दिसले तरी.